जाड बुडाचं पातेलं

ता. ६, रविवार

चपलांच्या दुकानात गोल, मऊ, पाठ नसलेला बाक असतो ना, त्यावर आज अर्धा दिवस काढला. हा बाक ज्याने काढला त्याला बायको नसणार. टेकायला जावं तर माणूस मागे पडतो, पुढे वाकून बसावं तर डोळ्यांसमोर लोकांच्या टाचा. ही मात्र आत रमली होती. "नुसत्या बघतेय," म्हणाली. माझा उभा जन्म भांड्यांच्या दुकानात गेला. 'नुसतं बघतेय' म्हणणाऱ्या बायका जाताना काय काय घेऊन जातात ते मला कुणी शिकवायला नको. दोन जोड घेतलेच. दोन्ही घरात घालायचे. त्यातला एक तर हिच्या मापाचाही नाही, चांगला मोठा आहे. विचारलं तर म्हणे, "सेलमध्ये माप बघत बसायचं नसतं."

ही डायरी स्टीलच्या एजंटाने नव्या वर्षाला दिली होती, ती कोरीच राहिली. मला लिहायची सवय नाही. पण इथे माझं ऐकून घ्यायला कुणी नाही, आणि डायरी निदान मध्येच "अहो, ही पिशवी धरा जरा" असं तरी म्हणत नाही.

चिंगीने, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीने, आम्हा दोघांना परदेश दाखवायला आणलंय. स्वतःच्या पगारातून. मोठ्या कंपनीत आहे. कुठल्या गोदामात कुठला माल किती ठेवायचा ते ठरवते. गेल्या वर्षी कंपनीने तिला काही महिने याच शहरात धाडलं होतं, त्यामुळे इथले रस्ते तिला पाठ. जगात बघण्यासारखं एवढं असताना पुन्हा हेच गाव का, असं मी विचारलं. म्हणाली, "इथे सेल चांगला असतो, बाबा." आईची मुलगी.

मी कशासाठी आलो ते लिहून ठेवतो. माझे गुडघे आता दुकानाला कंटाळलेत. शेजारचा प्लॅस्टिकवाला कधीचा मागे लागलाय, "शेठ, दुकान मला द्या, मधली भिंत पाडून टाकतो." परत आलो की काय ते सांगतो, असं त्याला म्हणून ठेवलंय. माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. दुकान चिंगीच्या नावावर करायचं. लोकांची गोदामं सांभाळते, तर स्वतःचं दुकान का नाही सांभाळणार? वकिलाशी बोलून झालंय. एखाद्या निवांत जागी बसून तिला हे सांगायचं आणि तिचा चेहरा बघायचा, एवढ्यासाठी मी विमानात बसलो. फक्त हिला सांगितलंय. ऐकून तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "लगेच बोलू नका. कधी बोलायचं ते मी सांगते." हिला सगळ्याला मुहूर्त लागतो.

ता. ७, सोमवार

आज टेकडीवर गेलो. वर बाकं आहेत, पाठ असलेली. खाली सगळं शहर, वारा बेताचा, चिंगी माझ्या शेजारी. याहून निवांत जागा कुठली मिळणार? मी घसा साफ केला. म्हटलं, "चिंगे, तुला एक सांगायचं होतं."

"मलाही, बाबा," ती म्हणाली.

तेवढ्यात ही उठलीच. "अगं, ते खाली लाल बोर्ड दिसतायत ना, तिथे अर्ध्या किमतीत चाललंय सगळं. संध्याकाळी बंद होईल." टेकडीवरून हिला सेलचा बोर्ड दिसतो, आणि घरी समोर ठेवलेला चष्मा दिसत नाही.

गेलो खाली. दोन उशा घेतल्या. परदेशातून उशा.

चिंगीला काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. बहुधा जेवायला कुठे जायचं ते.

ता. ८, मंगळवार

छताखालचा बाजार. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून पोट असलेला माणूस आला तर एकाने दुकानात शिरायचं, आणि शिरलं की घेतलंच पाहिजे. हिने इथे पडदे घेतले. तिथल्या बाईला आमची भाषा येत नाही, हिला तिची येत नाही, तरी घासाघीस अशी रंगली की मी हात टेकले. ती बाई कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायची, ही तो पुसून आपला टाकायची आणि चक्क मराठीत म्हणायची, "अहो बाई, शिवण बघा तरी कशी आहे ती." बाई मान हलवून आणखी उतरायची. मला त्या बाईची दया येत होती. गल्ल्याच्या मागे बसलेल्या माणसाचे हाल गल्ल्याच्या मागे बसलेल्यालाच कळतात.

पण पडदे आखूड आहेत. आपल्या खिडक्या केवढ्या, हे पडदे केवढे. मी सांगून थकलो. ही मोबाइलमध्ये कसलीशी मापं बघून म्हणाली, "बरोबर आहेत." मी म्हटलं, "कुठल्या खिडकीला?" तर म्हणे, "लागतील कुठेतरी." चिंगी तेवढ्यात दुसऱ्या दुकानाकडे बघायला लागली. तिलाही आईच्या या हावरेपणाची लाज वाटत असणार.

ता. ९, बुधवार

कचऱ्याचा डबा.

पायाने दाबला की झाकण उघडतं. ही म्हणाली, "आपल्याकडे असला मिळत नाही." शेजारच्या प्लॅस्टिकवाल्याकडे असल्या डब्यांची उतरंड लागलेली असते, मी रोज बघतो. हे सांगितलं तर अबोला धरला. डबा मीच उचलून आणला. हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने तो पाहुण्यांसाठी असलेल्या अदबीने माझ्या हातातून घेतला आणि खोलीपर्यंत पोचवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ता. १०, गुरुवार

आज चिंगी इस्त्रीचे कपडे घालून सकाळीच बाहेर पडली. जुन्या ऑफिसातल्या लोकांना भेटायला. दुपारी आली तेव्हा गळ्यात दोरी आणि दोरीला फोटोचं कार्ड. भेटायला आलेल्यालाही फोटो काढून कार्ड देतात, म्हणजे चोख आहे हो कारभार. मी तसं म्हटलं तर तिने कार्ड काढून पर्समध्ये टाकलं आणि पाणी प्यायला गेली.

माझा जीव सामानावर टांगलेला आहे. विमानात वजन मोजतात, जास्त झालं की दंड. उशा, पडदे, डबा, आंघोळीच्या खोलीतलं पायपुसणं, हँगरचा जुडगा, कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड. एक चादर घेतली ती एका माणसाच्या पलंगाची. म्हटलं, अगं, आपण दोघं आहोत. तर म्हणे, जोडी संपली होती.

नशीब, चिंगी शहाणी आहे. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही म्हणून रोज संध्याकाळी पिशव्या घेऊन जाते आणि मैत्रिणीच्या घरी ठेवून येते. "जाताना बघू," म्हणते. मैत्रीण तरी किती भली. लोकांची अडगळ कोण आपल्या घरात ठेवून घेतं आजकाल? मी म्हटलं, तिला एकदा भेटून आभार मानायला हवेत. दोघी एकदम म्हणाल्या, "तिला वेळ नसतो."

जेवताना पुन्हा प्रयत्न केला. "चिंगे, तुझं पुढचं काय ठरवलंयस?" असं आडून विचारलं. तिने चमचा खाली ठेवला आणि आईकडे बघितलं. आई म्हणाली, "आधी गरम गरम खाऊन घ्या." हिचं वागणं मला कळेनासं झालंय. मी तोंड उघडलं की हिला काहीतरी आठवतं, दिसतं किंवा लागतं. आता मुहूर्तबिहूर्त मी बघणार नाही.

ता. ११, शुक्रवार

पाऊस. तरी बाहेर. छत्र्यांचा सेल.

ता. १२, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मोठ्या दुकानात गेलो. आपोआप वर-खाली सरकणारे जिने, आणि वरचा सगळा मजला स्वयंपाकघराचा. आत शिरल्यावर या सहलीत पहिल्यांदा मला बरं वाटलं. शेल्फभर पातेली, कढया, तवे, झाकणं. मांडणी चांगली होती. फक्त जड माल वरच्या फळीवर ठेवला होता, तो गिऱ्हाइकाच्या डोक्यात पडेल एक दिवस.

हिने मोठा लाल कागद लावलेलं पातेलं उचललं. किंमत खोडून खाली दुसरी, तीही खोडून खाली तिसरी. मी ते हातात घेतलं, उलटं केलं, बोटाने वाजवलं. नुसता पत्रा. कानही एकाच रिव्हेटच्या खिळ्यावर. मी म्हटलं, "ठेव ते. यात दूध तापवलंस तर बुडाला लागलंच म्हणून समज."

"स्वस्त आहे हो."

"स्वस्त आहे, कारण ते कुणी घेत नाही. दुकानदाराला मी ओळखत नाही का? आधी किंमत चढवायची, मग खोडायची. तुला काय वाटतं, तो तुझ्यावर उपकार करतोय?"

गेले काही दिवस साचलेलं सगळं वर आलं होतं. मी सरळ खाली बसलो आणि तळच्या फळीवर शोधायला लागलो. गुडघे कुरकुरले, पण चांगला माल नेहमी पाठीमागे असतो. सापडलं एक. जाड बूड, कान घट्ट, झाकण नीट बसणारं. झाकणावर बारीक चरा होता म्हणून त्याचीही किंमत उतरवलेली. चऱ्याने काय दूध उतू जातं? मी ते हिच्या हातात दिलं. म्हटलं, "घ्यायचंच तर हे घे. वीस वर्षं बघायला नको."

चिंगी किटली घेऊन मागे उभी होती. तिने ते पातेलं आईच्या हातातून घेतलं, दोन्ही कानांना धरून उचलून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे, बाबा."

मग रांगेत उभे राहिलो. रांग लांब. आणि रांगेत उभ्या उभ्या मला नव्याने संताप आला. मी म्हटलं, "पण मला एक कळत नाही. भांड्यांचं अख्खं दुकान आहे आपलं. आणि परदेशात येऊन पातेलं विकत घ्यायचं? लोक ऐकतील तर तोंडावर हसतील. आणि चिंगीला काय वाटेल? ते दुकान मी तिच्या नावावर करतोय, आणि तिची आई..."

मी थांबलो, पण बाहेर पडायचं ते पडून गेलं होतं.

"माझ्या नावावर?" चिंगी म्हणाली.

हिने डोळे मिटून घेतले.

"हो, तुझ्या," मी म्हटलं. "असं सांगायचं नव्हतं. टेकडीवर सांगायचं होतं. पण तुझी आई मला श्वास घेऊ देईल तर ना. प्लॅस्टिकवाल्याला नाही म्हणून सांगणार आहे मी. वकिलाशी बोललोय. तू ये आणि बस गल्ल्यावर. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन."

चिंगीचा चेहरा मला बघायचा होता, तो बघितला. तो मी मनाशी धरला होता तसा नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "हे पातेलं माझ्यासाठी घेतोय आपण. सगळं माझ्यासाठीच आहे. मला इथे कायमची नोकरी मिळालीय. खोली घेतलीय मी. तुमच्याबरोबर मी परत येत नाहीये."

तेवढ्यात आमचा नंबर आला. गल्ल्यावरच्या मुलीने काहीतरी विचारलं. चिंगीने तिला आधी उत्तर दिलं, हव्या तेवढ्या पिशव्या मागितल्या, पैसे दिले. मी तिथेच उभा. मागच्या माणसाने मला हळूच बाजूला केलं.

पडदे. एका माणसाची चादर. मोठ्या मापाच्या चपला. मैत्रीण बिचारी कधी नव्हतीच. मी इतका बैल कसा, एवढंच सारखं मनात येत होतं.

बसमध्ये पातेलं माझ्या मांडीवर होतं.

ता. १३, रविवार

दोघी सकाळी बाहेर गेल्या. मी आलो नाही म्हणून सांगितलं. दुपारी ही एकटी परत आली, हात रिकामे. पलंगाच्या कडेला बसली. मी टीव्ही लावला होता. त्यातलं मला अक्षर कळत नव्हतं, पण नजर हटवली नाही.

म्हणाली, "बोलायचं असेल ते बोला."

मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"होतं."

"दोन्ही बाजूंचं माहीत होतं. आणि मला खेळवत ठेवलंस."

तेव्हा ती भडकली. तिला असं भडकलेलं मी फार कमी वेळा बघितलंय. म्हणाली, "तिने येऊन माझ्या कानात सांगितलं, आई, मला जायचंय, बाबांना इतक्यात सांगू नकोस. त्याच आठवड्यात तुम्ही सांगितलंत, दुकान तिला देतोय, तिला इतक्यात सांगू नकोस. दोघंही सांगून मोकळे झालात. मी कुठे जायचं होतं? तुम्ही तिच्याशी आधी बोलला असतात तर ती राहिली असती. तुमचं तोंड बघून राहिली असती, आणि जन्मभर त्या गल्ल्यावर बसून कुढली असती. ती आधी बोलली असती तर तुम्ही विमानातही चढला नसतात. म्हणून मी दुकानांमधून फिरत होते. मला वाटलं, एकदा खोली लागली, तुमच्या हाताने चार वस्तू तिथे गेल्या, की तुम्हाला तिकडे घेऊन जाऊ. मग काय बोलायचं ते बोला. माझे पाय सुजलेत, बघा."

पाय सुजले होते खरेच. मी टीव्ही बंद केला. मला अजून राग होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. हिच्यावर काढावा तर ही बरोबर बोलत होती, म्हणून आणखीच राग.

संध्याकाळी हिने गरम पाण्याची पिशवी मागितली. खाली जाऊन आणून दिली.

ता. १४, सोमवार

खोली बघितली.

तीन जिने, लिफ्ट नाही. एक खोली, कोपऱ्यात ओटा, दाराला लागून न्हाणीघर. खिडकी एकच, बाहेर एका कारखान्याची पाठ आणि वर वाफ सोडणारं धुराडं. त्या खिडकीला ते पडदे असे बसलेत की माप घेऊन शिवलेत म्हणावं. डबा ओट्याखाली. चपला दारात. चादर अंथरलेली. गेला आठवडाभर ज्या ज्या वस्तूला मी नावं ठेवली ती ती आपापल्या जागी बसून माझ्याकडे बघत होती.

मी खोट काढण्यासारखं काय ते शोधायला लागलो. नळ टपकत होता, तो घट्ट केला. भांड्यांची फळी फार उंच ठोकली होती; घरमालकाने ठोकली म्हणे. म्हटलं, हा माणूस कधी स्वयंपाकघरात गेलाय का? खाली जाऊन स्क्रू-ड्रायव्हर मागून आणला आणि फळी उतरवून हाताशी येईल अशी लावली. चिंगी खालून धरत होती. तेवढ्यात मी विचारलं. तोंड भिंतीकडे होतं म्हणून विचारता आलं.

"दुकान नकोच का तुला?"

"नको, बाबा."

"का?"

तिने फळीखालचा हात बदलला. मग म्हणाली, "तुम्ही बसता म्हणून मला दुकान आवडतं. तिथे मी बसले तर रोज तुमच्यावर चिडेन. मला तुमच्यावर चिडायचं नाहीये."

मी स्क्रू आवळत राहिलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, ते इथे लिहायला काय हरकत आहे. दुकान नको म्हणाली याचं वाटलंच, पण तिला हे सांगायला गोदामभर सामान मधे घालावं लागलं, याचं जास्त वाटलं. मी काय वाघ आहे?

फळी झाल्यावर तिने त्यावर सगळ्यात आधी ते जाड बुडाचं पातेलं ठेवलं. मी म्हटलं, "जड वस्तू खाली ठेव." तिने खाली ठेवलं.

ता. १५, मंगळवार

उद्या विमान. बॅगा हलक्या आहेत. येताना होत्या त्याहून हलक्या, कारण हिने स्वतःची शालही तिला दिली.

दुपारी चिंगीच्या खोलीवर होतो तेव्हा प्लॅस्टिकवाल्याचा फोन आला. मी पलंगावर बसलो होतो, ही ओट्यापाशी चहा गाळत होती. आता नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. म्हटलं, काय देईल त्याला हो म्हणावं आणि सुटावं एकदाचं. माझा चेहरा बघून चिंगीने हात पुढे केला. "मी बोलू?"

मी फोन दिला. तिने आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला.

"काका, मी बोलतेय. बाबा इथेच आहेत."

"अरे वा, परदेशी पाहुण्या. शेठना म्हणावं, परत कधी येताय? माझं काम लटकलंय."

"बघतायत ते. घाई नाही त्यांना. तुम्ही बोला ना काका."

मग तो बोलला. दुकान जुनं आहे. पावसाळ्यात छत गळतं. स्टीलला आता गिऱ्हाईक राहिलं नाही. मुलगी मोठ्या कंपनीत, शेठच्या मागे बघणारं कोण? शेवटी आपला आकडा सांगितला. चिंगी सगळ्याला "हो, खरंय" म्हणत होती. मला राग यायला लागला. आपल्याच दुकानाची निंदा ऐकून ही पोरगी मान डोलावते. तो दमला तेव्हा तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मग तुम्ही कशाला घेता काका एवढं वाईट दुकान?"

पलीकडे शांतता. चिंगीही गप्प. मला राहवेना, मी तोंड उघडलं, तर तिने नुसती बोटं वर केली. मी मिटलं.

तो हसला. "शेजार म्हणून हो."

"तुमचं दार मागच्या गल्लीत आहे, तिथे टेम्पो शिरत नाही, काका. माल तुम्ही चौकात उतरवता आणि हमालांच्या डोक्यावरून आत आणता, रोज. आमचं दार रस्त्यावर आहे. ते मिळालं की टेम्पो थेट दाराशी. हमाली वाचते, फुटणारा माल वाचतो, अर्धा दिवस वाचतो. हे सगळं तुमच्या आकड्यात नाहीये."

मी त्याच्या शेजारी अख्खा जन्म काढला. त्याचे हमाल रोज माझ्या दारावरून जायचे आणि मी त्यांना पाणी द्यायचो. त्याला माझं दुकान हवं कशाला, हे मला कधी सुचलं नाही.

त्याने आकडा वाढवला. चिंगीने "बरं" म्हटलं नाही, "नाही" म्हटलं नाही. आईकडून चहाचा कप घेतला, एक घोट घेतला. त्याने पुन्हा वाढवला. असं ती करत गेली आणि तो चढत गेला. शेवटी जो आकडा आला तो मी आयुष्यात कुणाकडे तोंड करून मागितला नसता.

"चालेल," ती म्हणाली. "पण आमचे मामा तुमच्याकडे राहतील. आहे त्या पगारावर, त्यांची इच्छा असेल तोवर."

मामा म्हणजे आमचा नोकर. माझ्या वडिलांच्या हाताखाली आला होता. दुकान दिलं तर त्याचं काय, हे मला कुणाला विचारायची लाज वाटत होती, म्हणून मी तो विषयच टाळत होतो.

"म्हाताऱ्याला घेऊन मी काय करू?"

"मग राहू दे, काका. आम्ही दुसरीकडे बघतो."

"बरं बरं. मामा राहिले."

"आणि उरलेला माल बाबा स्वतः विकतील. तोवर भिंत पाडायची नाही."

ते त्याने लगेच मानलं. आई बरी आहे का, हवा कशी आहे, असं विचारून फोन ठेवला.

चिंगीने कप खाली ठेवला. "बरोबर केलं ना, बाबा?"

मी म्हटलं, "घाई केलीस. आणखी ताणायला हवं होतं."

ही ओट्याकडे तोंड करून हसली, आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागली. चिंगी माझ्या शेजारी येऊन बसली. मीही रडलो थोडा. इथे बघायला कोण आहे?

मी बोललो ते खोटं होतं. फोन माझ्या हातात असता तर मी पहिल्या वाक्याला हो म्हटलं असतं आणि मामाला तोंड चुकवत फिरलो असतो. वडिलांनी केलं नाही, मी केलं नाही, असा सौदा या मुलीने चहा पिता पिता केला, आणि तो दुकान विकण्याचा केला. परत गेलो की प्लॅस्टिकवाला भेटेल आणि शेठ, पोरगी जबरी आहे हो तुमची, असं म्हणेल. त्याला काय सांगायचं? सगळ्या बाबतींत चुकलो असेन, पण दुकान कुणाला द्यावं हे मी बरोबर ठरवलं होतं.